बिनचाकाचं जेट आणि रबराचा डेक: फार्नबरो आणि एचएमएस वॉरियरवरच्या ट्रायल्सचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

३ डिसेंबर १९४५ ला एरिक ब्राऊन या ब्रिटिश नौदलाच्या टेस्ट पायलटने डी हॅविलँड व्हॅम्पायर हे जेट एचएमएस ओशन या विमानवाहू नौकेवर उतरवलं. शुद्ध जेट विमान बोटीवर उतरण्याची ही जगातली पहिली वेळ. शुद्ध म्हणायचं कारण असं की महिनाभर आधी अमेरिकेचं रायन फायरबॉल, ज्यात पुढे पिस्टन इंजिन आणि मागे जेट असं दोन्ही होतं, ते पिस्टन इंजिन बंद पडल्यामुळे नाइलाजाने नुसत्या जेटवर बोटीवर उतरलं होतं.

बऱ्याच ठिकाणी ही गोष्ट ओशनवरच्या लँडिंगपाशी संपते. मला मात्र त्याच्या पुढची, चाकं काढलेलं जेट रबराच्या डेकवर उतरवून बघण्याची पाच-सहा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात, कारण त्या दिवशी एवढंच कळलं की हे करता येतं. रोजच्या रोज, साध्या स्क्वॉड्रनमधल्या पायलटला, दमून परत आल्यावर, टाकीत थोडंसंच इंधन उरलेलं असताना आणि डेक वरखाली होत असताना हे जमेल का, त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ब्राऊनने आयुष्यात ४८७ प्रकारची विमानं उडवली आणि बोटीवर २,४०७ लँडिंग केली. असा माणूस एखादी गोष्ट करून दाखवतो तेव्हा ती बाकीच्यांना जमेल असं धरून चालत नाही, आणि हे प्रकरण वाचताना ते सारखं डोक्यात ठेवावं लागतं.

आता जुनी पद्धत काय होती ते आधी बघू, नाहीतर पुढचे निर्णय विचित्र वाटतील. त्या काळी डेक सरळ असायचा. मागच्या टोकाला, डाव्या बाजूला बॅट्समन उभा असायचा, तो हातातल्या दोन बॅटांनी खुणा करून पायलटला सांगायचा की वर आहेस, खाली आहेस, स्लो आहेस, आणि शेवटी 'कट'ची खूण करायचा. कट मिळाला की पायलट थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा) बंद करायचा, विमान डेकवर बसायचं, शेपटीखालचा हूक आडव्या ताणलेल्या वायर्सपैकी एखादीत अडकायचा. हूक कशातच अडकला नाही तर पुढे स्टीलच्या दोरांचा बॅरियर, आणि बॅरियरच्या पलीकडे आधी उतरलेली विमानं आणि माणसं. म्हणजे कट घेतल्यावर दुसरा चान्स नाही. एकतर वायर, नाहीतर बॅरियर.

पंख्याच्या, म्हणजे पुढे प्रॉपेलर फिरवणाऱ्या पिस्टन इंजिनाच्या विमानाला हे बऱ्यापैकी जमून जायचं. थ्रॉटल पुढे ढकलला की इंजिन लगेच उचल खायचं, पंख्याची हवा थेट पंखांवरून वाहायची आणि विमान तिथल्या तिथे सावरायचं. थ्रॉटल बंद केला की तोच पंखा ब्रेकसारखा काम करायचा. जेटमध्ये यातलं काहीच नाही. व्हॅम्पायरच्या गॉब्लिन इंजिनाला थ्रॉटल उघडल्यावर जोर धरायला काही सेकंद लागायचे, आणि डेकच्या तोंडाशी काही सेकंद म्हणजे सगळंच झालं. वर इंधन इतकं प्यायचं की बोटीभोवती घिरट्या घालत बसायची सोय नाही. बॅरियरचंही तसंच, पूर्वी पायलटच्या पुढे भलंमोठं इंजिन आणि पंखा असायचा, तो दोर अडवायचा, जेटमध्ये पायलट पार नाकाशी बसलेला, त्यामुळे दोर नाकावरून सरकत थेट कॉकपिटमध्ये यायची भीती.

एक गोष्ट मात्र जेटच्या बाजूने होती. समोर इंजिन नसल्यामुळे पायलटला डेक स्वच्छ दिसायचा, पंख्याच्या विमानात ते सुख नव्हतं.

प्रश्न कसा मांडला गेला

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण मला इथेच दिसतं, आणि तेव्हा अजून कुणी विमानातही बसलं नव्हतं.

इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या सरकारी विमान संशोधन संस्थेतल्या लोकांनी पुढचा विचार केला. जेट आणखी वेगवान होणार, वेगासाठी पंख पातळ लागणार, पातळ पंख कमी वेगाला विमान धरून ठेवत नाहीत म्हणून उतरण्याचा वेग वाढणार, वेग वाढला की चाकांवरचा मार वाढणार म्हणून चाकं आणि त्यांचे दांडे जास्त भक्कम आणि जड करावे लागणार, आणि एवढं सगळं मिटवून ठेवायला पातळ पंखात जागाच नाही. चाकं-दांडे-हायड्रॉलिक्स मिळून विमानाच्या वजनाचा साधारण ५ टक्के भाग खातात. बोटीवरून उडायला कॅटापुल्ट, म्हणजे विमानाला डेकवरून जोरात पुढे फेकणारं यंत्र, आहेच, तिथे चाकांची गरज नाही. मग फक्त उतरतानाच्या काही क्षणांसाठी हे ओझं पूर्ण उड्डाणभर का वाहायचं? ते काढलं तर तेवढं इंधन जास्त नेता येईल, आणि इंधन हेच तर जेटचं दुखणं.

मेजर एफ. एम. ग्रीन या अनुभवी इंजिनिअरने ही कल्पना मांडली आणि फार्नबरोच्या नौदल विमान विभागातल्या लुईस बॉडिंग्टनच्या टीमने ती हातात घेतली. चाकं काढायची आणि विमान पोटावर उतरवायचं, त्यासाठी डेक मऊ करायचा.

तर्क बिनचूक आहे, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. फक्त तो पूर्णपणे विमानाच्या बाजूने केलेला आहे. विमान थांबल्यानंतर डेकवर त्याचं काय करायचं हा मुद्दा त्या मांडणीत मागे पडला.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय साधा होता, आहे तोच सरळ डेक ठेवायचा, वायर्स आणि चाकं मजबूत करायची आणि चालेल तितकं चालवायचं. नौदल एका बाजूने हेच करत होतं, सुपरमरीन अटॅकरसारखं जेट, ज्याला जुन्या विमानांसारखं शेपटीखालीच चाक होतं, ते याच वाटेने १९५१ मध्ये स्क्वॉड्रनमध्ये आलं. पण विमानं जड आणि वेगवान होत गेली की हा रस्ता कुठेतरी अडणार हे सगळ्यांना दिसत होतं.

दुसरा पर्याय फायरबॉलसारखा, पिस्टन आणि जेट एकत्र. त्यात दोन्हीकडचे तोटे एका विमानात यायचे. अमेरिकनांनी थोडा काळ वापरून सोडून दिला.

तिसरा रबराचा डेक.

आणि चौथा पर्याय, जो शेवटी जगभर चालला, तो त्या वेळी टेबलावरच नव्हता: उतरण्याची पट्टी बोटीच्या मधल्या रेषेपासून थोडी तिरकी करायची. त्याला नवीन धातू लागत नव्हता, नवीन इंजिन लागत नव्हतं, १९४५ साली सुद्धा डेकवर रंगाने रेषा मारून कुणी तो आजमावू शकलं असतं. पण प्रश्न 'चाकांचं वजन' असा मांडलेला असल्यामुळे डेकच्या दिशेकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, निदान माझं वाचन तसं आहे.

काय केलं

तिसऱ्या पर्यायावर काम सुरू झालं आणि ते अतिशय नेटकेपणाने झालं. थेट बोटीवर न जाता आधी फार्नबरोच्या जमिनीवर साधारण २०० फूट लांब आणि ६० फूट रुंद असा डेक बांधला. हवा भरलेल्या, आगीच्या बंबाच्या पाइपांसारख्या नळ्या आडव्या एकाशेजारी एक रचल्या आणि त्यावर रबराची जाड चादर ताणली. वायर एकच, डेकपासून दोन-अडीच फूट उंचीवर ताणलेली. पद्धत अशी की पायलटने चाकं बाहेर न काढता, हूक खाली सोडून, इंजिन चालू ठेवून डेकवरून अगदी खालून सपाट यायचं, हूक वायरमध्ये अडकला की वायरच विमानाला मागे ओढून खाली बसवणार आणि रबर धक्का खाणार.

आधी हॉटस्पर ग्लायडर वापरून चाचण्या झाल्या, मग खरं जेट. सी व्हॅम्पायर, म्हणजे व्हॅम्पायरचाच नौदलासाठीचा प्रकार, निवडण्यामागे साधं कारण होतं, त्याचं पोट आखूड आणि गुळगुळीत, शेपटी दोन बाजूंच्या दोन लांब दांड्यांवर, पंखा नाही, त्यामुळे पोटावर बसताना खाली काही अडकण्यासारखं नाही. ट्रायलसाठी काही विमानांचं पोट आणखी भक्कम करून घेतलं.

पहिला प्रयत्न: २९ डिसेंबर १९४७

विमानात ब्राऊनच होता. अप्रोच करताना, म्हणजे उतरायला डेकच्या जवळ येताना, विमान अपेक्षेपेक्षा जास्त खाली बसायला लागलं. त्याने थ्रॉटल उघडला, पण गॉब्लिनने जोर धरायच्या आत डेकचं तोंड आलं. शेपटीकडचा भाग डेकच्या कडेवर आपटला, हूकला वायर मिळालीच नाही, मागून बसलेल्या दणक्याने नाक खाली गेलं आणि विमान रबरात घुसून परत वर फेकलं गेलं. कंट्रोल्स जॅम झाले होते. डेकच्या पुढच्या गवतावर ते जाऊन पडलं. विमान दुरुस्तीच्या पलीकडे गेलं, ब्राऊनला मात्र काही झालं नाही.

आता जरा थांबून बघा की नेमकं फेल काय झालं. रबर फेल झालं नाही, रबर तर नीट वापरलंच गेलं नाही. पोटावर उतरण्याची कल्पनाही फेल झाली नाही. घात केला तो थ्रॉटल आणि ताकद यांच्यातल्या त्या काही सेकंदांनी, म्हणजे जेटच्या त्याच दोषाने जो ओशनवर जायच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होता. चाकांच्या वजनाचा या अपघाताशी काहीही संबंध नव्हता. बोटीवर जेट उतरवण्याचा खरा धोका कुठे बसलाय ते या अपघाताने अगदी उघड करून दाखवलं होतं.

थांबायचं की पुढे जायचं

पहिल्याच लँडिंगमध्ये विमान गेल्यावर प्रोग्रॅम बंद करायला कुणालाही पुरेसं कारण मिळालं असतं. महायुद्ध संपून दोनच वर्षं झालेली, ब्रिटनकडे पैसा नाही, आणि कल्पना ऐकायलाच विचित्र. तरी टीमने अपघाताची चिरफाड केली, अप्रोचमध्ये काय चुकलं ते शोधलं, आणि १७ मार्च १९४८ ला, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, ब्राऊनने त्याच फार्नबरोच्या डेकवर यशस्वी लँडिंग केलं.

मला हा निर्णय योग्य वाटतो आणि तो घेणाऱ्या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो. कारण त्यांनी 'कल्पना चुकली' आणि 'ही एक फेरी चुकली' यातला फरक ओळखला. अपघात जमिनीवर झाला होता, ते सुद्धा मुद्दाम तसं ठरवल्यामुळे. हेच पहिलं लँडिंग थेट बोटीवर केलं असतं तर विमान पुढे गवतावर पडायच्या ऐवजी समुद्रात गेलं असतं आणि पुढे बोट त्याच्यावरून गेली असती. आधी जमीन आणि मग बोट हा क्रम आजही तसाच आहे. आपल्याकडे गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर बोटीच्या डेकसारखी वायर आणि चढाची पट्टी असलेली सोय उभी केली, नौदलाच्या तेजसने सप्टेंबर २०१९ मध्ये आधी तिथे वायर पकडली, आणि मगच ११ जानेवारी २०२० ला कमोडोर जयदीप मावळणकरांनी ते आयएनएस विक्रमादित्यवर उतरवलं.

पण याच टप्प्यावर एक गोष्ट हातातून निसटली असं मला वाटतं. अपघाताचा तपास झाला तो 'पुढची फेरी कशी यशस्वी करायची' या अंगाने. टेस्ट टीमचं ते कामच आहे, त्यात त्यांना दोष नाही. पण त्यांच्या वरच्या कुणीतरी त्या रिपोर्टकडे बघून विचारायला हवं होतं की बाबांनो, विमान इंजिनच्या उशिरामुळे पडलं, मग आपण चाकांच्या मागे का लागलोय?

एचएमएस वॉरियर

फार्नबरोला पद्धत बसल्यावर एचएमएस वॉरियर या हलक्या विमानवाहू नौकेच्या डेकवर रबरी डेक बसवला आणि ३ नोव्हेंबर १९४८ ला ब्राऊनने त्यावर पहिलं लँडिंग केलं. मग १९४९ पर्यंत या ट्रायल्स चालल्या, ब्राऊनबरोबर इतर पायलटही उतरले. बिनचाकाचं विमान खालून सपाट यायचं, वायर पकडायचं, रबरावर बसून थोड्याच अंतरात थांबायचं.

म्हणजे टेक्निकली बघितलं तर पास. जो प्रश्न १९४५ मध्ये विचारला होता त्याचं उत्तर 'हो' आलं. बिनचाकाचं जेट बोटीवर उतरवता येतं, आणि फक्त ब्राऊनलाच नाही.

जमलं, पण

विमान थांबलं की खरी पंचाईत सुरू व्हायची. चाकंच नाहीत, त्यामुळे ते स्वतः हलू शकत नाही आणि माणसांनाही ढकलता येत नाही. क्रेनने उचलायचं, ट्रॉलीवर ठेवायचं, ट्रॉली पुढे न्यायची, वायर परत ताणायची, तोपर्यंत मागचं विमान हवेत. आणि मागचं विमान म्हणजे परत जेटच, इंधन संपत आलेलं. नेहमीच्या डेकवर उतरलेलं विमान हूक सुटताच स्वतःच्या चाकांवर पुढे निघून जायचं. एका मागोमाग आठ-दहा विमानं परत घ्यायची असतील तर इथे प्रत्येकामागे जाणारी मिनिटं शेवटच्या पायलटच्या टाकीतून वजा व्हायची. चाकं काढून जे इंधन वाचवलं ते असं रांगेत उभं राहून परत खर्च होणार.

जमिनीवरची अडचण तर आणखी मोठी. बोटीवर उतरता आलं नाही तर किनाऱ्यावरच्या धावपट्टीवर जायचं हा नौदलाच्या पायलटचा नेहमीचा दुसरा रस्ता. बिनचाकाच्या विमानाला साधी धावपट्टी म्हणजे पोट घासून नुकसान. मग नौदलाच्या प्रत्येक तळावर रबराचा डेक हवा, शिकाऊ पायलटांसाठी हवा, परदेशातल्या तळांवर हवा. आणि चाकं असलेली जुनी विमानं त्याच बोटीवर ठेवायची तर त्यांची सोय वेगळी.

तिसरी गोष्ट फारशी कुणी लिहीत नाही पण मला ती सगळ्यात बोचते. ट्रायलच्या वेळी डेकचा पुढचा भाग मोकळा होता. वायर हुकली तर पायलट इंजिनच्या जोरावर पुढे निघून जाऊ शकत होता, इंजिन चालूच असल्यामुळे. म्हणजे जुन्या पद्धतीत नसलेला दुसरा चान्स इथे नकळत मिळाला होता. पण युद्धातल्या बोटीवर पुढचा डेक कधी मोकळा नसतो, तिथे विमानं उभी असतात. म्हणजे ट्रायलमध्ये जी गोष्ट सुरक्षितता देत होती नेमकी तीच खऱ्या वापरात राहणार नव्हती.

ऑगस्ट १९५१ ची मीटिंग

रबरी डेकचं पुढे काय करायचं यावर ऑगस्ट १९५१ मध्ये मीटिंग झाली. कॅप्टन डेनिस कॅम्बेल तेव्हा मिनिस्ट्री ऑफ सप्लाय या ब्रिटिश सरकारच्या पुरवठा खात्यात नौदलाचे प्रतिनिधी होते, बॉडिंग्टनही या चर्चेत होते. उतरायला जागा हवी, पुढे विमानं ठेवायलाही जागा हवी, आणि दोघांचं एकाच सरळ रेषेत भांडण. कॅम्बेलनी सुचवलं की उतरण्याचा पट्टा डावीकडे साधारण १० अंश तिरका करू, म्हणजे उतरणारं विमान उभ्या विमानांच्या बाजूने जाईल. सुरुवातीला कुणी फार उत्साह दाखवला नाही, बॉडिंग्टननी मात्र ती धरून ठेवली.

सूचना आली होती रबरी डेकची सोय करण्यासाठी. पण थोडा विचार केल्यावर दिसायला लागलं की पट्टा तिरका केला तर रबराची गरजच उरत नाही. चाकांचं विमान येऊ दे, हूकने वायर पकडली तर उत्तम, नाही पकडली तर समोर मोकळा समुद्र आहे, थ्रॉटल पूर्ण उघडून सरळ उडून जा आणि परत फेरी मार. बॅरियर फक्त आणीबाणीपुरता. आणि यात जेटच्या इंजिनाचा उशीर आपोआप निकालात निघतो, कारण आता 'कट'च नाही, पायलट शेवटपर्यंत पॉवर ठेवून येतो आणि चाकं टेकताच थ्रॉटल पुढे ढकलतो, इंजिन आधीच जोरात फिरत असतं. २९ डिसेंबर १९४७ ला विमान ज्या कारणाने गेलं त्याचं खरं उत्तर हे होतं, आणि ते आलं साडेतीन वर्षांनी, पार्किंगच्या चर्चेतून.

रबरी डेक हा वाया गेलेला खर्च असं काही जण म्हणतात ते मला म्हणूनच पटत नाही. तो प्रयोग इतक्या पुढपर्यंत नेला नसता तर ती मीटिंग भरली नसती, आणि डेकवर जागेची मारामारी इतकी नजरेत भरली नसती.

निकाल

यावेळी टेस्टिंग फार स्वस्तात झालं. फेब्रुवारी १९५२ मध्ये एचएमएस ट्रायम्फच्या सरळ डेकवर नुसत्या तिरक्या रेषा रंगवल्या आणि विमानांनी टेकून लगेच उडायचे सराव केले. वर्षाच्या आत अमेरिकनांनी यूएसएस अँटिटमच्या डाव्या बाजूला खरा भाग वाढवून तिरका डेक बांधला आणि जानेवारी १९५३ पासून त्यावर विमानं उतरायला लागली. त्याच सुमारास कॉलिन मिचेलचं वाफेवरचं कॅटापुल्ट एचएमएस पर्सियसवर तपासून झालं होतं आणि निक गुडहार्टच्या कल्पनेतून आरशाची लँडिंग साइट, म्हणजे उतरताना नजर ठेवायचं साधन, तयार होत होती, ज्यात बॅटांच्या जागी आरशातला उजेडाचा ठिपका बघून पायलट स्वतःच उंची सांभाळतो. १९५५ मध्ये एचएमएस आर्क रॉयल सेवेत आली ती या तिन्ही गोष्टी घेऊनच.

बिनचाकाच्या कल्पनेची किंमत विमान कंपन्यांनीही मोजली. सुपरमरीनने टाइप ५०५ हे जेट रबरी डेक गृहीत धरून, चाकांशिवाय, पातळ पंखाचं आखलं होतं. नौदलाने मत बदललं तेव्हा त्यात चाकं बसवावी लागली, पंख जाड करावे लागले, त्यातून टाइप ५०८ झालं, ते ऑगस्ट १९५१ मध्ये उडालं, आणि त्याच वंशातून बऱ्याच उशिराने सिमिटर हे नौदलाचं जेट आलं.

आपला संबंध इथे सरळ लागतो. ब्रिटनने युद्धात बांधायला घेतलेली आणि अर्धवट राहिलेली एचएमएस हर्क्युलिस भारताने १९५७ मध्ये विकत घेतली. ती वॉरियरच्याच घराण्यातली हलकी नौका, पण पूर्ण करताना तिच्यावर तिरका डेक, वाफेचं कॅटापुल्ट आणि आरशाची साइट बसवली आणि ४ मार्च १९६१ ला ती आयएनएस विक्रांत म्हणून सेवेत आली. १८ मे १९६१ ला लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानींनी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं, ते पुढे नौदलप्रमुख झाले. ताहिलियानी ज्या पद्धतीने उतरले ती ब्राऊनच्या ओशनवरच्या पद्धतीपेक्षा मुळातूनच वेगळी होती, पॉवर ठेवून आणि दुसरा चान्स हातात ठेवून. मुंबईत विक्रांतचं म्युझियम होतं तेव्हा ज्यांनी तिचा डेक बघितलाय त्यांनी तो डावीकडे झुकलेला पट्टा पाहिलेला असेल. १९७१ च्या युद्धात चितगाव आणि कॉक्सबाजारवर गेलेली सी हॉक जेट याच डेकवरून उडाली होती, आणि त्या जातीचं एक विमान गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात आजही बघता येतं.

निर्णयाचे टप्पे आणि काय वेगळं करता आलं असतं

पहिला टप्पा प्रश्न मांडण्याचा. १९४५ मध्ये मी असतो तर फार्नबरोच्या टीमला एवढंच सुचवलं असतं की डेकवर काम करणारे दोन-तीन जुने हँडलर पहिल्या मीटिंगलाच बोलवा. विमानं ढकलणारा, लिफ्टवर चढवणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांत विचारतो की साहेब, हे थांबल्यावर हलवायचं कसं? त्याची तपासणी करायला उडायची सुद्धा गरज नव्हती. चाकं मिटवलेलं एक विमान, एक क्रेन, एक ट्रॉली आणि घड्याळ घेऊन बंदरात उभ्या असलेल्या बोटीवर दुपारभर सराव केला असता तर मिनिटांचा हिशोब १९४६ मध्येच समोर आला असता. मग कदाचित रबरी डेक केला असताच, पण टाइप ५०५ सारखं आख्खं विमान त्याच्या भरवशावर आखायला घेतलं नसतं.

दुसरा टप्पा अपघातानंतरचा, त्याबद्दल वर बोललोच. प्रयोग चालू ठेवला ते बरोबर. पण अपघाताचं कारण आणि प्रोग्रॅमचा उद्देश हे दोन कागद शेजारी ठेवून बघायला हवे होते.

तिसरा टप्पा पायलटचा. पहिल्यांदा ब्राऊनच हवा होता यात शंका नाही, नवीन गोष्ट सगळ्यात अनुभवी माणसानेच करावी, त्या दिवशी दुसरा कुणी असता तर कदाचित जिवंत बाहेर आला नसता. पण 'जमतं' हे कळल्यानंतर साध्या पायलटांना लवकर आणणं तितकंच गरजेचं असतं. वॉरियरवर ते झालं ही या ट्रायल्सची मोठी जमेची बाजू आहे, आणि त्यामुळेच 'पायलटला अवघड जातं' ही सबब नंतर कुणाला देता आली नाही, खरी अडचण हाताळणीत आहे हे लख्ख दिसलं.

चौथा टप्पा ट्रायलच्या अटींचा. वॉरियरवर काही लँडिंग तरी पुढे उभ्या विमानांसारखा अडथळा रंगवून, तेवढी जागा वापरायची नाही असं ठरवून करायला हवी होती. तसं केलं असतं तर पुढे मोकळी जागा असणं ही सगळ्यात मौल्यवान गोष्ट आहे हे १९४९ मध्येच कळलं असतं, आणि तिरक्या डेकपर्यंत पोचायला आणखी दोन वर्षं लागली नसती असं मला वाटतं.

अमेरिकन नौदलाने तर हा प्रश्न नंतरही परत सोडवून बघितला. मेरीलँडमध्ये पॅटक्सेंट रिव्हरच्या तळावर त्यांनी स्वतःचा रबरी डेक बांधला, पोटाखाली जादा फुगवटा बसवलेली दोन ग्रमन कूगर विमानं घेतली आणि १९५५ मध्ये त्यावर लँडिंग केली, म्हणजे अँटिटमवर तिरका डेक दोन वर्षं चालू असताना. ती लँडिंगही जमली. क्रेन, ट्रॉली आणि किनाऱ्यावरचे तळ हे तिन्ही मुद्दे तिथेही तसेच्या तसे निघाले, आणि प्रोग्रॅम तिथेच थांबवला गेला.